व्यंग आणि वैद्य

"ह्या गोळ्या उरल्यात, डॉक्टर. परत घेता का?" असे विचारीत एक बाई माझ्या दवाखान्यात आल्या, त्या गोष्टीला आता पंधरा वर्षे होत आली. त्यांच्या आवाजात राग नव्हता आणि टोमणाही नव्हता. औषध स्वस्त नव्हते, निम्म्याहून अधिक गोळ्या शिल्लक होत्या, आणि तालुक्याच्या गावात माणसे उरलेले औषध असे परत आणून देतात. दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून. मी पाकीट घेतले आणि सहज विचारले, "बरं आहे ना आता मुलीला?" त्या म्हणाल्या, "दाढ काढली. त्याच रात्री झोपली." एवढे बोलून त्या गेल्या.

त्या गेल्यावर मी मुलीचा केसपेपर काढून पाहिला. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडल्यामुळे तिचे हातपाय आखडलेले होते आणि शब्द स्पष्ट फुटत नसत. वय 19. एकवीस दिवसांत ती तीन वेळा माझ्याकडे आली होती. पहिल्या वेळी तिची आई म्हणाली होती, "आठ दिवस झाले, रात्रभर ओरडते. मुठीनं कपाळ बडवते. ती अशी नाही हो. असं ती कधी करत नाही." आणि जाता जाता असेही म्हणाली होती, की घास उजवीकडे गेला की ती बाहेर टाकते. मी म्हटले होते, "अशा मुलांत असं होतं, बाई. वयाबरोबर चिडचिड वाढते." मी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. दुसऱ्या वेळी त्यांचे प्रमाण वाढवले. तिसऱ्या वेळी शहरातल्या मनोविकारतज्ज्ञाच्या नावाने चिठ्ठी दिली. आई शहरात गेली नाही. एस. टी. स्टँडसमोरच्या दातांच्या डॉक्टरकडे गेली. खालच्या उजव्या दाढेच्या मुळाशी पू झाला होता.

केसपेपरावर माझ्या अक्षरात लिहिलेले होते : चिडचिड, झोप नाही, आई काळजीखोर. घास उजवीकडे गेला की बाहेर टाकते, हे त्यात नव्हते. मी ते ऐकले होते, कारण आज मला ते आठवते आहे. परंतु ते लिहिण्यासारखे वाटले नव्हते.

ही हकीकत मी अनेकदा मनाशी घोळवली आहे. दाढ दुखू लागली की माणसाला झोप येत नाही, तो जेवत नाही, एका बाजूने चावतो, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. तेव्हा माझी चूक अज्ञानाची नव्हती. त्याच दिवशी, त्याच खुर्चीवर बसून एखाद्या धडधाकट मुलीने हीच लक्षणे सांगितली असती, तर मी पहिल्यांदा तिला 'आ कर' म्हटले असते. ह्या मुलीला मी तीन भेटींत एकदाही 'आ कर' म्हटले नाही. तिला काय झाले आहे, हे ती आत येण्यापूर्वीच मला ठाऊक होते. निदान मला तसे वाटत होते. तिचे व्यंग इतके ठळक होते, की तिच्याविषयी विचारण्यासारखे आणखी काही उरले आहे असे माझ्या मनात आले नाही. माझ्या गोळ्यांनी तिचा ठणका थांबला नाही. तो ठणका सांगण्याची जी एकच रीत तिच्यापाशी होती, ती मात्र थांबली.

पुढे वाचनात आले, की ही चूक माझ्या एकट्याची नाही. 1982 साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी तिला एक नावही दिले. मराठीत आपण तिला 'निदानावर पडलेली सावली' म्हणू. बुद्धीने मंद असलेल्या माणसाला मनाचा आजार झाला, तर तोही मंदपणाचाच भाग समजून सोडून दिला जातो, असे त्यांना आढळले होते. पुढे शरीराच्या दुखण्यांतही तीच गोष्ट दिसू लागली. एक मोठे निदान आधीच लागलेले असले, की त्याच्या सावलीत बाकीची लहानमोठी दुखणी दिसेनाशी होतात. पांगळ्या माणसाचे पोट दुखले तरी डॉक्टरचा हात पायाकडे जातो. बहिऱ्या माणसाच्या छातीतली कळ त्याचा भाऊ सांगतो आणि डॉक्टर भावाशी बोलतो. 'ह्यांना काय होतंय?' हा प्रश्न रुग्णाच्या डोक्यावरून त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला विचारला जातो. अंधाला तर ऐकू येत असते, तरीही.

हे असे का व्हावे? डॉक्टर दुष्ट असतात म्हणून नव्हे. कारण, मला वाटते, आमच्या शिक्षणात आहे. आम्हाला शिकवली जाते ती रोगाशी लढाई. आमच्या पुस्तकात रोगाची कारणे असतात, लक्षणे असतात, उपचार असतात आणि शेवटी परिणाम असतात. बरा होतो, दगावतो, किंवा व्यंग राहते. व्यंग राहिले की प्रकरण संपले. पुढचे पान दुसऱ्या रोगाचे. परंतु ज्या ठिकाणी पुस्तकातले प्रकरण संपते, त्याच ठिकाणी त्या माणसाचे उरलेले सबंध आयुष्य सुरू होते. ते चाळीस वर्षांचे असेल, साठ वर्षांचे असेल. त्या आयुष्यात त्याला सर्दी होईल, मधुमेह होईल, त्याचे लग्न होईल, त्याची दाढ दुखेल. ह्या काळाविषयी आमच्या पुस्तकात फार थोडे आहे.

पोलिओचे उदाहरण घ्या. भारतातला शेवटचा रुग्ण 2011 च्या जानेवारीत आढळला आणि 2014 च्या मार्चमध्ये आपला देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. वैद्यकाच्या इतिहासातला हा मोठा विजय आहे आणि त्यात गावोगावच्या सेविकांनी दारोदार जाऊन पाजलेल्या थेंबांचा वाटा फार मोठा आहे. पण रोग गेला तरी त्याने ज्यांचे पाय नेले ती माणसे गेलेली नाहीत. ती आपल्यात आहेत आणि म्हातारी होत आहेत. त्यांतल्या काहींना मूळ आजारानंतर कित्येक वर्षांनी पुन्हा नवी अशक्तता येते, थकवा येतो, स्नायू दुखू लागतात. ती तक्रार घेऊन ती आली, की ज्याने पोलिओचा रुग्ण कधी पाहिलाच नाही असा तरुण डॉक्टर त्यांना सांगतो, "तुमचा पाय तर लहानपणापासूनच असा आहे." वाक्य खरे आहे. उत्तर मात्र चुकीचे आहे.

व्यंगाकडे पाहण्याचा दुसरा एक विचार गेल्या अर्धशतकात पुढे आला. 1976 साली इंग्लंडमधल्या काही अपंग माणसांनी एकत्र येऊन असे मांडले, की शरीरातली उणीव ही एक गोष्ट आणि अपंगत्व ही दुसरी. पाय नसणे ही उणीव. पण पाय नसलेल्या माणसाला शाळेत, कचेरीत, नाटकगृहात जाता येऊ नये अशी समाजाची रचना करणे, हे अपंगत्व. आणि ते समाजाने लादलेले असते. हा विचार मी प्रथम वाचला तेव्हा मला तो अतिशयोक्तीचा वाटला. मग मी माझ्याच दवाखान्याकडे पाहिले. दाराशी तीन पायऱ्या. तपासण्याचे टेबल माझ्या कमरेइतके उंच, म्हणजे माझी पाठ वाकू नये अशा बेताचे. वजनाचा काटा उभ्या माणसासाठी. त्या मुलीचे वजन तिन्ही भेटींत घेतलेले नव्हते. औषधाचे प्रमाण मी अंदाजाने ठरवले होते. तिला काट्यावर उभे राहता येत नव्हते ही तिची उणीव खरी. पण दवाखान्यात दुसरा काटा नव्हता ही उणीव माझी होती. 2016 च्या कायद्याने रुग्णालयाचा प्रत्येक भाग अपंगांना अडथळ्यावाचून वापरता आला पाहिजे आणि त्यांना तपासणीत व उपचारात अग्रक्रम मिळाला पाहिजे, असे सांगितले आहे. कायद्याने तिसरी पायरी आपोआप उतरत नाही, हा भाग निराळा.

तथापि हा विचारही मला पुरेसा वाटत नाही. दाढेचा ठणका समाजाने लादलेला नव्हता. आखडलेल्या स्नायूंच्या वेदना, रात्री गुदमरणारा श्वास, सतत बसून पडणाऱ्या जखमा ह्या शरीरात असतात आणि शरीरातच भोगाव्या लागतात. सगळे जिने पाडून उतार बांधले तरी त्या उरतील. म्हणजे डॉक्टरने व्यंगापलीकडे पाहावे, असे म्हणून भागत नाही, आणि व्यंगच पाहावे, असेही म्हणता येत नाही. मग त्याने काय पाहावे?

ह्या प्रश्नाचे मला सापडलेले सर्वांत चांगले उत्तर कोणत्याही ग्रंथात नाही. ते एका पायात आहे. पाय तुटलेल्यांना पूर्वी जे कृत्रिम पाऊल बसवीत, ते पाश्चात्त्य धर्तीचे असे. ते ताठ असे आणि त्यावर बूट घालावा लागे. जयपूरच्या रुग्णालयात असे पाय बसवून घेतलेली खेड्यातली माणसे काही दिवसांनी ते टाकून देत आणि पुन्हा कुबड्या घेत. ह्याला अडाणीपणा म्हणणे सोपे होते. परंतु तेथले डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा ह्यांनी ती माणसे पाय का टाकतात इकडे लक्ष दिले. त्या पायावर उकिडवे बसता येत नव्हते, मांडी घालता येत नव्हती. अनवाणी शेतात, चिखलात जाता येत नव्हते. देवळात बूट काढावे तर पाऊल निरुपयोगी. ह्या गरजा समजून घेऊन 1960 नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी रबराचे, सर्व बाजूंनी वळणारे, दिसायलाही पावलासारखे दिसणारे पाऊल तयार केले. 'जयपूर फूट' ते हेच. डॉ. सेठी ह्यांना 1981 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मा ह्यांचे औपचारिक शिक्षण फारच थोडे होते.

आधीचे पाऊल बनवणाऱ्यांना शरीरशास्त्र कमी कळत होते असे नाही आणि त्यांना दया कमी होती असेही नाही. त्यांनी तुटलेला पाय पाहिला होता. जयपूरमध्ये पाहिले गेले, ते हा माणूस दिवसभर पाय कोठे ठेवतो हे. ह्या दोन पाहण्यांतले अंतर ते व्यंग समजण्यातले अंतर, असे मला वाटते. आपण प्रार्थनेत मुक्याला बोलके करणारी आणि पांगळ्याकडून डोंगर चढवून घेणारी कृपा मागतो. त्या पांगळ्याला डोंगर चढायचा होता काय, हे आपण कधी विचारले नाही. कदाचित त्याला फक्त ओढ्यापर्यंत जायचे असेल.

येथे डॉक्टरची अडचण सुरू होते. कारण विचारायचे म्हणजे उत्तर मानण्याची तयारी ठेवायची. आम्हाला मोजण्याची सवय आहे. अपंगत्वाचे प्रमाणपत्र टक्क्यांत मिळते. कायद्याने बहुतेक सवलतींसाठी 40 टक्के ही रेषा ठरलेली आहे. टक्क्याची मी चेष्टा करणार नाही. राज्याला काहीतरी माप हवे असते आणि त्या कागदावर कितीतरी घरांची चूल अवलंबून आहे. पण टक्का अवयवाचा असतो, आयुष्याचा नसतो. एकाच टक्क्याचा पाय घड्याळे दुरुस्त करणाऱ्याचे काही अडवीत नाही, आणि ऊसतोडणीला जाणाऱ्याचे सर्वच काही काढून घेतो. ते ज्याचे त्यालाच ठाऊक. आमची चूक होते ती टक्का लिहून झाला म्हणजे माणूस कळला, असे वाटण्यात.

आणि हे वाटणे किती दूरवर नेते! 2021 साली अमेरिकेतील 714 डॉक्टरांच्या एका पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्याला मोठे अपंगत्व आहे त्याचे जगणे इतरांपेक्षा हलक्या प्रतीचे असते, असे शंभरांतल्या 82 डॉक्टरांचे मत होते. ह्याच्या उलट, 1999 साली अल्ब्रेक्ट आणि डेव्हलिगर ह्या दोन अभ्यासकांनी 153 अपंग माणसांच्या मुलाखती प्रसिद्ध केल्या होत्या. त्यांतल्या निम्म्याहून अधिक माणसांनी आपले जगणे चांगले किंवा उत्तम आहे असे सांगितले होते. ह्यावरून अपंगांना काही कमी नाही, असा निष्कर्ष कुणी काढू नये. पण कुणाचे जगणे जगण्यासारखे आहे हे ठरवताना आम्ही स्वतःला त्याच्या जागी कल्पितो आणि घाबरतो; मग त्या भीतीलाच आम्ही दया म्हणतो. आकडे परक्या देशाचे आहेत, पण त्या 82 जणांत मला माझा चेहरा ओळखू येतो.

दयेचे हे रूप आपल्याकडेही दिसले आहे. 1994 च्या फेब्रुवारीत शिरूरच्या शासकीय संस्थेतल्या, मतिमंद म्हणून ठेवलेल्या काही स्त्रियांची गर्भाशये पुण्यात शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. त्यांना मासिक पाळीत स्वच्छता राखता येत नाही, असे कारण देण्यात आले. स्त्री-संघटनांनी आवाज उठवला तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. ह्या घटनेत मला सर्वांत अस्वस्थ करते ती गोष्ट ही, की ती करणाऱ्यांना आपण त्या स्त्रियांचे भलेच करीत आहोत असे वाटत होते. शरीर त्यांचे, सोय संस्थेची, शस्त्र डॉक्टरचे. आणि निरोगी अवयव काढताना ज्यांचा तो अवयव, त्यांचा शब्द कोणत्याच कागदावर आवश्यक ठरला नाही. पंधरा वर्षांनी, 2009 साली, चंदीगडच्या एका संस्थेतील बौद्धिक उणीव असलेल्या गर्भवती स्त्रीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तिच्या संमतीवाचून गर्भपात करता येणार नाही असा निर्णय दिला. तिला मूल हवे होते. हे तिला विचारले गेले होते आणि तिने सांगितले होते, म्हणूनच कळले.

परंतु जिला सांगताच येत नाही तिचे काय? हा आक्षेप मी टाळणार नाही, कारण माझी रुग्ण तशीच होती. तिच्या वतीने तिची आई बोलत होती, आणि आईचे बोलणे मी मानले असते तर एकवीस दिवसांची वेदना वाचली असती. मग नातेवाईक सांगतील ते मानावे, असा नियम करावा काय? तोही करवत नाही. 1994 साली ज्या स्त्रियांवर शस्त्रे चालली, त्यांच्या वतीनेही कुणीतरी बोललेच होते. पालक प्रेमानेही चुकतात आणि थकव्यानेही चुकतात. ह्या कोड्याचे पुरते उत्तर माझ्यापाशी नाही. एक फरक मात्र मला दिसतो. त्या आईने मुलीचे मत सांगितले नव्हते; तिने मुलीचे वागणे सांगितले होते. उजवीकडचा घास ती बाहेर टाकते, हे त्या मुलीचेच बोलणे होते. आईने ते फक्त माझ्यापर्यंत आणून पोचवले. जिच्या तोंडी शब्द नाहीत तिला म्हणणे नाही, असे मी धरून चाललो होतो. मुठीने कपाळ बडवणे हे म्हणणे होते. ती माझ्यापुढे आठ दिवस आणि मग आणखी एकवीस दिवस तेच एक वाक्य म्हणत होती, आणि मी त्याला तिच्या रोगाचे लक्षण समजत होतो.

तेव्हापासून मी काही फार मोठे केले नाही. दवाखान्याला उतार बांधला आणि एक बुटके टेबल करून घेतले. वजनासाठी खुर्चीचा काटा आणला. कुणी बोलता न येणारे आले, तर सोबतच्या माणसाला विचारण्यापूर्वी मी त्याच्याकडे पाहतो, त्याचे नाव घेतो, आता मी काय करणार आहे ते त्याला सांगतो आणि थोडा थांबतो. ह्याला दोन मिनिटे जास्त लागतात. बाहेर वीस माणसे बसलेली असतात तेव्हा ही दोन मिनिटे काढणे सोपे नसते, आणि ती मी प्रत्येक वेळी काढतो असे म्हटले तर ते खोटे होईल. 'नेहमी असाच असतो का, की हे नवीन आहे?' हा प्रश्न मात्र आता मी विसरत नाही. अपंगाविषयी डॉक्टरने विचारायचा तो पहिला प्रश्न आहे. त्यात हे मान्य केलेले असते, की ह्या माणसालाही एक 'नेहमी' आहे; त्याचे स्वतःचे असे स्वास्थ्य आहे; आणि ते बिघडू शकते, म्हणजेच सुधारूही शकते.

व्यंग असलेल्या माणसाला अपंग म्हणावे की दिव्यांग, ह्यावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. शब्द महत्त्वाचे असतात. पण त्या मुलीला मी ह्यांपैकी कोणताच शब्द वापरला नव्हता. तिचे नाव केसपेपरावर लिहिले होते, आणि तीन भेटींत ते मी एकदाही उच्चारले नव्हते, हे मला गोळ्या परत आल्या त्या दिवशी कळले. पुढे ती खोकल्यासाठी आली तेव्हा मी तिला नावाने हाक मारली आणि म्हटले, "आ कर बघू." तिला वेळ लागला. मग तिने तोंड उघडले. घसा थोडा लाल होता. उजवीकडे, काढलेल्या दाढेची जागा भरून आली होती.